चोरीची फांदी

१२ ऑगस्ट १९७९, रविवार

मंडळ येऊन गेलं एकदाचं. अंगणात चिखल झालाय, चिवड्याचा डबा रिकामा आहे आणि मोगऱ्याच्या, क्रोटनच्या, शेवंतीच्या फांद्या गेल्या आहेत. म्हणजे बैठक छान झाली.

आमच्या सेलूचं हे बागप्रेमी मंडळ कापसाच्या जिनिंगचे मालक सदाशिवराव यांनी काढलं. आमचे हे त्यांच्याच जिनिंगमध्ये दिवाणजी, म्हणून मंडळाचे चिटणीसही हेच. महिन्यातल्या एका रविवारी एकेकाच्या अंगणात जमायचं. पुरुष कडुनिंबाखाली खुर्च्यांवर बसून खतावर बोलतात, बायका सतरंजीवर. झाडांना पाणी कोण घालतं ते झाडांनाच ठाऊक.

आमच्यात फांदी कोणी मागत नाही. मागून आणलेली मरते आणि चोरून आणलेली लागते, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. रीत अशी की घरच्या बाईने "चहा टाकते" म्हणून पाठ फिरवायची आणि पाहुणीने तेवढ्यात हात मारून फांदी पदराखाली घालायची. कोणी आभार मानायचे नाहीत, मानले तर मूळ फुटत नाही. सदाशिवरावांनी एकदा भाषण केलं की ही रानटी पद्धत बंद करा, कलमं रीतसर मागून घ्या. त्या दिवशी त्यांच्याच बंगल्यातली रातराणी निम्मी झाली.

शेजारच्या आनंदाबाईंचा यात हात कोणी धरणार नाही. वयाने मोठ्या, नत्थूजी पाटलांची बायको, घरी चार ढोरं, तरी डोळा दुसऱ्याच्या कुंडीवर. "माह्यी बाग पुरी चोरीची हाय," असं गावभर सांगतात. पण फांदी तोडायची अक्कल नाही. नखाने ओरबाडतात, साल खालपर्यंत सोलली जाते. मी किती वेळा सांगितलं, ब्लेड घ्या, तिरका काप द्या, वरून शेण लावा. म्हणतात, "ब्लेड घेऊन चोरी कराले मी काय पाकीटमार हाव काय?"

न्हाणीमागे मात्र मी आज कोणाला जाऊ दिलं नाही. तिथे बोरीच्या काटेरी फांद्या, बोराट्या, लावून ठेवल्या होत्या.

ही डायरी जिनिंगची. यांनी दिली, दुधाचं लिहून ठेव म्हणाले. दूध घालणारी बाई माझ्यापेक्षा हुशार आहे, ती सगळं तोंडी ठेवते. तेव्हा मी माझंच लिहिते.

१९ ऑगस्ट

फुललं! सकाळी न्हाणीत पाणी ठेवायला गेले आणि तांब्या तसाच टाकून धावले.

दोन वर्षांमागे मी आपल्या गावठी तांबड्या जास्वंदीवर वर्ध्याहून आणलेल्या पिवळीचा पराग लावला होता. पहाटे, कापसाच्या बोळ्याने. वर दोरा बांधला, मुंग्या येऊ नयेत म्हणून चिंधी गुंडाळली. हे हसले होते. "आता फुलायचे लगन बी लावतं काय वं?" बोंड धरलं, बिया पडल्या, त्यातलं एकच रोप जगलं. दोन उन्हाळे त्याला ओल्या पोत्याखाली ठेवलं. आमची बेबी आर्वीला दिली तेव्हापासून घरात जपायला दुसरं होतं तरी काय.

रंग हळदीचा, आणि मधोमध कुंकवाचा मोठा डोळा. पाकळीची कड जरा फिकी, लुगड्याचा काठ धुवून धुवून होतो तशी. असं फूल मी कुठेच पाहिलेलं नाही. मंडळातही कोणाकडे नाही.

आई आठवली. केळझरच्या गणपतीच्या पायरीवर ती जास्वंद आणि दूर्वा विकायची. मी बाजूला बसून जुड्या बांधायचे. येणारा जाणारा "ओ फूलवाली" म्हणायचा. इतकी वर्षं त्या पायरीवर बसली, पण तिचं नाव कोणी विचारलं नाही. संध्याकाळी जे विकलं जायचं नाही ते फूल ती देवाला नेऊन वाहायची आणि म्हणायची, "त्याले चालते. त्याले का विकत घ्या लागते?"

मंडळाच्या फेब्रुवारीतल्या प्रदर्शनात नवीन फुलाचं बारसं होतं. ज्याने वाढवलं त्याने नाव ठेवायचं, बायका घुगऱ्या वाटतात, आणि मग ते फूल साऱ्या तालुक्यात त्याच नावाने चालतं. पुन्हा बदलत नाही. मी ठरवून टाकलंय. याचं नाव बायजा. आईचं नाव बायजा होतं.

२४ ऑगस्ट

काल तान्हा पोळा झाला. आज यांना जेवताना नाव सांगितलं. भाकरी हातातच राहिली.

"बायजा? असं नाव कोनी ठेवते काय फुलाले? शोभा ठेव, चंद्रिका ठेव."

"माह्या मायचं हाय."

"मले ठावं हाय कोनाचं हाय ते," म्हणाले आणि ताक मागितलं.

पुरुषांना नवीन गोष्ट पचायला वेळ लागतो. दुपारी स्वतःच न्हाणीमागे जाऊन बराच वेळ पाहत उभे होते. "हे फांदीवरून बी असंच येते काय? का बियापासूनच?" विचारलं. मी म्हटलं, बीचा भरवसा नाही, पण फांदीचं अगदी असंच येतं. गावठीवर कलम बांधलं तर हिवाळ्यातच फूल देईल. लक्ष देऊन ऐकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या झाडांत यांनी रस घेतला तो पहिल्यांदाच. मला खरंच बरं वाटलं.

आनंदाबाईंनाही दाखवलं, राहवलं नाही म्हणून. त्यांनी कानाला हात लावले. "याले मी हात नाई लावत. बारसं झाल्याबिगर पोराले बाहेर काढत नाई आन् नाव नसल्या झाडाची फांदी तोडत नाई. माह्यी बी काही रीत हाय." असं म्हणाल्या खऱ्या, पण डोळे त्या फुलावरून हलत नव्हते.

९ सप्टेंबर

फांदी गेली. न्हाणीमागच्या माझ्या जास्वंदीची, चांगली बोटाएवढी जाड, मधल्या उंचीवरची. बोराट्या व्यवस्थित बाजूला करून परत लावल्या आहेत.

काप तिरका, एका झटक्यातला. वर शेणही लावलेलं. म्हणजे झाड मरू नये इतकी चोराला काळजी. आमच्या घरी ढोर नाही, मी शेण आनंदाबाईंच्या गोठ्यातून आणते. गल्लीत गोठा असा तो एकच. मग आणखी काय पाहिजे? नखाने ओरबाडणारी बाई ब्लेड कशी वापरायला लागली, हा प्रश्न मला पडला होता, पण मीच तर वर्षभर तिच्या कानीकपाळी ओरडले. शेवटी ऐकलं म्हणायचं, आणि ऐकलं ते नेमकं इथे.

यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे नं. झाड तं जित्तं हाय. बाहेरचा कोनी असन."

यांचाही आजचा दिवस वाईटच गेला. दाढी करताना हनुवटी कापून घेतली. ब्लेड बोथट निघालं, आणि कालच तर नवीन लावलं होतं. हल्लीच्या ब्लेडांत काही दम राहिला नाही.

१४ सप्टेंबर

आनंदाबाई ताक घेऊन आल्या. मी दारातच घेतलं, आत बसा म्हटलं नाही. भांडं परत देताना त्यांनी विचारलं, "तब्बेत बरी नाई काय वं?" मी म्हटलं, तब्येत बरी आहे, झाडाची नाही. त्या न्हाणीकडे पाहत राहिल्या. काही तरी म्हणणार होत्या, मग म्हणाल्या, "भाऊजी घरी हायत काय?" हे आतच होते. तर म्हणाल्या, "राहू दे मंग," आणि गेल्या.

चोराच्या मनात चांदणं.

७ ऑक्टोबर, रविवार

हे रविवारीसुद्धा घरी थांबत नाहीत. मालकांच्या बंगल्यावरचा माळी पळाला, म्हणून बागेवर लक्ष ठेवायला यांना बोलावतात. कपड्यांना मातीचा वास आणि नखांत चिखल. दिवाणजीच्या कामात हे कुठे बसतं? पण मालकाचं मन राखायचं, वर्षानुवर्षं तेच करत आलेत. मी तिथल्या गुलाबांना हाडांचं खत घालायला सांगितलं तर म्हणाले, "गुलाबाचं जाऊ दे. कलमाची चिंधी कवा सोडा लागते?" मी म्हटलं, डोळे फुगले की. कोणत्या झाडाचं ते मी विचारलं नाही. बंगल्यात काय, हजार झाडं.

२८ ऑक्टोबर

दिवाळीला मालकांनी यांना बोलावून सांगितलं, हेड दिवाणजी केलं म्हणून. गुढीपाडव्याला जिनिंगच्या आवारातलं क्वार्टरही मिळणार. हे मला सायकलवर डबल सीट घेऊन दाखवायला गेले, या वयात! रस्त्यावर लोक हसत होते. घर साधंच, पण अंगण! आमच्या या घरासारखी चार घरं मावतील. कुंपण आहे, नळ आहे, काळी माती. मी चप्पल काढून अनवाणी फिरले. कुठे मोगरा, कुठे संत्रा, आणि फाटकापाशी बायजा, म्हणजे येणाऱ्याला पहिली तीच दिसेल.

"खुश हाय नं?" यांनी विचारलं.

"हाव," म्हटलं.

"मंग झालं. मले दुसरं काही नाई पाह्यजे," म्हणाले. मला वाटलं, माणूस बोलून दाखवत नाही पण मनात किती ठेवतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

९ डिसेंबर, रविवार

आज मी बोलले. बरं झालं बोलले.

मंडळ आनंदाबाईंकडे होतं. सतरंजीवर कोणीतरी म्हटलं, यंदा प्रदर्शनात नवी जास्वंद येणार आहे म्हणतात, हळदीच्या रंगाची. ते फूल यांनी, मी आणि आनंदाबाईंनी पाहिलेलं. चौथ्या कोणी नाही. हे तर माझ्या घरचेच. मग बाहेर बोललं कोण आणि फांदी लावली कोणी?

आनंदाबाई आत वळल्या, "चहा टाकते" म्हणाल्या. मी म्हटलं, "टाका. मी नाई हात मारनार. आमाले रीत समजते. नाव नाई ठेवलेल्या झाडाची फांदी कापून नेनारे येगळे असतात."

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. कडुनिंबाखालच्या खुर्च्यांवरूनही माना वळल्या.

"कोनाले म्हनून राह्यली, कोकिळा?"

"ज्याच्या गोठ्यातलं शेण त्याले."

त्या माझ्याकडे नव्हत्या पाहत. पुरुषांत बसलेल्या यांच्याकडे पाहत होत्या. पुरुषांना चहा आधीच मिळाला होता; हे बशीत ओतून फुंकर मारत होते, वर पाहिलंच नाही. बिचारे, बायकोच्या तोंडाळपणाची लाज वाटली असेल. मग आनंदाबाई म्हणाल्या, "तुले तसं वाटते तं तसंच. बसा सगळ्या, चहा होते."

कबूलच केलं की! वर चहाही सगळ्या बायकांना स्वतः दिला. मलाही पुढे केला. मी घेतला नाही.

१६ जानेवारी १९८०

यंदा जिनिंगची नवी डायरी आली नाही, जुनीच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. गल्लीतल्या सगळ्या आल्या. आनंदाबाईंना बोलावलं नाही. दरवर्षी पहिलं वाण त्यांचं असायचं. सवयीने एक वाण जास्तच काढलं गेलं. ते ताटात तसंच राहिलं, मग मी उचलून फळीवर ठेवलं.

२७ जानेवारी

प्रदर्शन येत्या रविवारी. झाड कळ्यांनी भरलं होतं, आणि कळ्या गळून चालल्या आहेत. किडा नाही, पाणी जास्त नाही. देठापासून खुडल्यासारख्या. कालच्या होत्या त्या आज नाहीत.

हे म्हणतात, "थंडीनं झालं असन. यंदा राहू दे. पुढच्या साली क्वार्टरमंदी चांगलं फुलन, मंग दाखवू. घाई काऊन करतं?"

मी म्हटलं, एक कळी राहिली तरी नेईन. मग यांनी वाद घातला नाही, चिडलेही नाहीत. मी म्हटलं, माझं कार्ड तुमच्याच हाताने लिहा, तुमचं अक्षर मोत्यासारखं. "कोकिळा रूपराव, जास्वंद, बायजा." हे म्हणाले, "लिहू नं. पाहू."

आता भिंतीवरून हात घालायची मजल गेली त्या बाईची. मी भिंतीवर काचा लावायला सांगितल्या.

१ फेब्रुवारी

एक कळी आहे. खाली, पानांच्या आड, मातीला टेकलेली, म्हणून वाचली. रविवारी बरोबर उमलेल. कोणाला सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही. उगाच आशा दाखवायची आणि पडली तर यांनाच वाईट वाटायचं.

३ फेब्रुवारी, रविवार

लिहिते. जसं झालं तसंच लिहिते.

हे पहाटेच मांडवात गेले होते. मी उमललेलं फूल पितळेच्या लोट्यात ठेवलं, केळीच्या पानाने झाकलं, नवं लुगडं नेसले आणि शाळेच्या पटांगणात गेले. नोंदीच्या टेबलावर पेन्शनर मास्तर पुंडलिकराव होते. पान बाजूला केलं तर म्हणाले, "अवं कोकिळाबाई, हे तं मालकीणबाईचं फूल! तुमाले कवा देल्लं त्यायनं?"

मला वाटलं म्हाताऱ्याला दिसत नाही.

मग मांडवात पाहिलं. पहिल्या टेबलावर, मधोमध, काचेच्या ग्लासात माझं फूल. हळदीचा रंग, कुंकवाचा डोळा, कड फिकी. एक नाही, तीन. पुढे कार्ड: "सौ. कमलाबाई सदाशिवराव. नवीन जास्वंद. नाव: कमल." जास्वंदीचं नाव कमल! अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरात मला लग्नाआधी पत्रं आली होती.

मागे बायका कुजबुजत होत्या. बरोबर आहे, लोट्यात तेच फूल घेऊन उभी होते मी, चोरासारखी.

कमलाबाईंनी मला पाहिलं आणि धावत आल्या. वाईट बाई नाहीत त्या, नागपूरच्या, सरळ. माझे दोन्ही हात धरले. "कोकिळाबाई, केवढं मोठं मन हो तुमचं! रूपराव म्हणाले, माझ्या बायकोचीच इच्छा आहे, हे फूल बंगल्यातच शोभेल. स्वतः कलम बांधलं त्यांनी. दर रविवारी येऊन पाणी घालत होते. तुम्ही अगदी घरच्या आहात आमच्या."

हे मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. हातात घुगऱ्यांचा द्रोण. माझ्याकडे पाहिलं आणि द्रोणात पाहायला लागले.

मी काय म्हणाले? "हाव" म्हणाले. चार लोकांत दुसरं काय म्हणणार. टाळ्या झाल्या. घुगऱ्या माझ्याही हातावर आल्या आणि मी त्या खाल्ल्या. मांडवाच्या दाराशी आनंदाबाई उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांच्या तोंडावर "बघ, कशी जिरली" असं काही नव्हतं. ते असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी लोटा घेऊन सरळ एसटीत बसले आणि केळझरला उतरले. फूल देवाला वाहिलं नाही. आई बसायची त्या पायरीवर ठेवलं आणि शेजारी बसले. येणाऱ्या एका बाईने पाय पडेल म्हणून ते उचलून कडेला सरकवलं. मी पुन्हा मधे ठेवलं. संध्याकाळी ते मिटलं तेव्हा उठले.

४ फेब्रुवारी

सकाळी यांनीच सुरुवात केली.

"तुह्यासाठीच तं केलं. मोठं अंगण पाह्यजे म्हनत होती नं तू? मालकाले असं काही द्या लागते. आपल्यापाशी दुसरं होतं काय द्याले?"

मी म्हटलं, फूल माझं होतं.

"एका फुलाचं काय घेऊन बसली? पुन्ना लाव."

मी म्हटलं, नाव माझ्या आईचं होतं.

तेव्हा खरं बाहेर पडलं. "बायजा लावलं असतं तं लोकं पुसले असते, कोन बायजा? मंग काय सांगतलं असतं म्या? हेड दिवाणजीची सासू पायरीवर फुलं विकत होती म्हनून?"

म्हणजे क्वार्टरसाठीच नव्हतं ते. ऑगस्टात भाकरी हातात थांबली होती, तेव्हाच ठरलं होतं. आणि मी समजत होते, माणूस झाडांत रस घ्यायला लागला. कलम कसं बांधायचं, चिंधी कधी सोडायची, सगळं मीच शिकवलं. माझ्याच हाताने मी माझं घर लुटवलं.

"कळ्या तुमीच खुडल्या?"

हे चपला शोधायला लागले.

"आनंदाबाईले म्या चार लोकांत चोर म्हटलं. तुमच्यापुढं. तुमी चहा फुंकत होते."

तर म्हणतात, "त्यायनं मनावर घेतलं नसन."

फांदी नेली, नाव नेलं, ते एक वेळ मी गिळलं असतं. बायकांच्या जातीला गिळायची सवय असते. पण तो चहा मी विसरणार नाही. फुंकर मारून मारून, शांतपणे, निववून प्यायले.

१० फेब्रुवारी

फळीवरचं वाण घेऊन आनंदाबाईंच्या दारात गेले. त्या कडबा घालत होत्या. काय बोलावं ते सुचेना, म्हणून सरळ म्हटलं, माझं चुकलं.

"मले ठावं होतं," त्या म्हणाल्या. "शेण मांगाले माह्याच गोठ्यात आलते भाऊजी. कोकिळानं सांगतलं म्हने. म्या भिंतीवरून पाह्यलं, ब्लेड होतं हातात."

"मंग बोलल्या काऊन नाई त्या दिवशी?"

"काय बोलू? तुह्या नवऱ्यानं चोरलं म्हनू? तू मले चोर म्हटलं, तं मी आपल्या घरात होती, चहा केला, झालं. त्याले म्हटलं असतं तं तू कोठं गेली असती?"

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. वाण घेतलं, कुंकू लावून घेतलं. मी जायला वळले तर मागून म्हणाल्या, "पन माह्याबद्दल तुले असं वाटलंच कसं, ते मले अजून समजलं नाई, कोकिळा. मी तं नखानं तोडतो."

घरी येईपर्यंत माझ्याही ध्यानात आलं. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

२ मार्च

कमलाबाईंनी गडी पाठवून फुलांची परडी पाठवली. "कमल"ची. मी गड्याला चहा दिला आणि परडी यांच्या उशाशी ठेवली.

१६ मार्च, रविवार

उद्या पाडवा, उद्याच क्वार्टरवर जायचं. हे दोन दिवस माझ्याभोवती घोटाळतायत. नळाला नवी तोटी बसवली, काळी माती खणून ठेवली, संत्र्याची रोपं मागवली. आज विचारलं, "जास्वंदीचं झाड मुळासकट काढाचं काय? फाटकापाशी लावू म्हनत होती तू." मी म्हटलं, तिथे मी काही लावणार नाही. झाडून पुसून साफ ठेवीन, तुमच्या मालकाला नेण्याजोगं काही नको. झाड इथेच राहील. हे आत जाऊन भांड्यांचं पोतं बांधायला लागले.

दुपारी मी फाटक सताड उघडलं. न्हाणीमागच्या बोराट्या काढून टाकल्या. भिंतीकडून आवाज जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "चहा टाकते!" आणि चहा न टाकता न्हाणीकडे पाठ करून तूर निवडत बसले.

कोणी आलं नाही. तूर झाली, मग तांदूळ घेतले. ऊन भिंतीवर चढलं. मला वाटलं, नाही येणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

मग फाटक वाजलं. जोडव्यांचा आवाज माझ्या मागून न्हाणीकडे गेला. मी पाहिलं नाही, पाहायचं नसतं. कटकन मोडल्याचा आवाज आला आणि मग साल खालपर्यंत सोलत गेल्याचा. या बाईला अजून फांदी तोडता येत नाही.

रीत अशी की काही बोलायचं नाही. पण मागून आवाज आला, "नाव काय म्हनू याले?"

"बायजा," मी म्हटलं.

"कोन बायजा?"

"माह्यी माय. केळझरले पायरीवर फुलं विकत होती." मोठ्याने म्हटलं. आत पोतं बांधण्याचा आवाज थांबला.

"लागन," आनंदाबाई म्हणाल्या. आभार मानले नाहीत, मीही नाही. जोडवी वाजत गेली आणि फाटक लागलं.

जरा वेळाने हे दारात आले. हातात सुतळी तशीच.

"कोन आलतं वं?"

"चोर आलता," मी म्हटलं. "गेला."

हे तिथेच उंबऱ्यावर बसले आणि सुतळीची गाठ सोडत राहिले. मी उरलेले तांदूळ निवडले.